सँ-सिर-लापोपीला पहिल्यांदा जाताय? मग नदीकडून या

तुलूझला राहायला लागल्यापासून दर उन्हाळ्यात भारतातून कोणी ना कोणी येतंच, आणि पॅरिस, आयफेल टॉवर वगैरे उरकून आमच्याकडे टेकलं की दोन दिवसांत फर्माईश ठरलेली, "इथलं एखादं जुनं गाव दाखव ना, कॅलेंडरवर असतं तसलं." मग मी त्यांना लॉत नदीच्या काठावरच्या सँ-सिर-लापोपीला नेतो. आता नेतो ते नीट नेतो, पण पहिली खेप माझी साफ फसली होती. ऑगस्टमधला रविवार, सोबत वाईची आत्या, दुपारी बाराला गाडी घेऊन थेट वरच्या पार्किंगला. पार्किंग फुल्ल, पंधरा मिनिटं गोल गोल फिरून जागा मिळाली, मग मुख्य गल्लीत दिवाळीच्या आधीच्या तुळशीबागेसारखी गर्दी, आणि सव्वादोनला जेवायला जावं तर सगळीकडे एकच उत्तर, किचन बंद झालं. आत्या एका घराच्या दगडी पायरीवर बसली, पिशवीतून चिवड्याचा डबा काढला आणि म्हणाली, "गाव छान आहे रे, पण दिसलं कुठे?"

म्हणून हा लेख. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कसं जावं, कुठून शिरावं, कधी शिरावं, काय खावं, आजूबाजूला काय बघावं ते क्रमाने सांगतो. एवढं एकच डोक्यात ठेवा, हे गाव नदीमुळे झालंय, त्यामुळे नदीकडून चालत या आणि निदान एक रात्र राहा. दुपारी दोन तास येऊन फोटो काढून जाणार असाल तर खरं सांगतो, नका येऊ, तुलूझमध्येच बसा निवांत.

आधी थोडी ओळख

फ्रान्सच्या नैऋत्येला लॉत नावाचा जिल्हा आहे, नदीचं नावही लॉतच. पांढऱ्या चुनखडीच्या पठारातून ही नदी सापासारखी वळणं घेत जाते आणि एका वळणावर पाण्यापासून साधारण १०० मीटर उंच कड्याला हे गाव चिकटलंय. उतरत्या, टोकदार, तपकिरी कौलांची घरं, वरचे मजले लाकडी सांगाड्याचे आणि गल्लीवर पुढे आलेले. कायमची वस्ती दोनशेच्या आसपास, येणारे मात्र वर्षाला काही लाख. २०१२ साली फ्रेंच टीव्हीवर देशभरातल्या प्रेक्षकांनी आपलं सगळ्यात आवडतं गाव म्हणून याला निवडलं, तेव्हापासून तर विचारूच नका.

मध्ययुगात इथे लापोपी, गुर्दों आणि कार्दायाक अशा तीन घराण्यांचे वाडे एकाच कड्यावर होते, म्हणजे भाऊबंदकी वरच्या लेव्हलची. नंतर किल्ला दोनदा पाडला गेला, १४७१ मध्ये अकराव्या लुईच्या हुकमाने आणि १५८० मध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट लढायांच्या धामधुमीत आँरी द नाव्हारच्या माणसांकडून, म्हणजे जो पुढे फ्रान्सचा राजा चौथा आँरी झाला तोच. आता वर फक्त खडक आणि थोडे अवशेष उरलेत.

कधी जायचं

मे-जून नाहीतर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी तर असतेच, वर पठारावर ऊनही असं लागतं की आपल्या एप्रिलची आठवण यावी, आणि चुनखडीत पाणी टिकत नाही त्यामुळे वाटेत ओढा-बिढा काही मिळत नाही. नोव्हेंबर ते मार्चमध्ये गाव अगदी सुंदर आणि रिकामं असतं, सकाळी नदीवर धुकं असतं, पण बहुतेक हॉटेलं, दुकानं आणि जवळची गुहासुद्धा बंद, त्यामुळे पहिल्या भेटीसाठी तो सीझन नको.

वारही बघा. फ्रान्समधल्या गावांत रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरंच काही बंद असतं. मी सांगेन, शुक्रवारी संध्याकाळी पोचा आणि रविवारी निघा, किंवा मंगळवार-गुरुवार करा. शनिवार आणि बुधवार सकाळी काओर शहरात कॅथीड्रलसमोर मोठा बाजार भरतो, तो जाता-येता कुठेतरी बसवा.

व्हिसा, पटकन

भारतातून येणाऱ्यांसाठी नेहमीचाच शेंगेन व्हिसा, सगळ्यात जास्त रात्री फ्रान्समध्ये असतील तर फ्रान्सकडेच अर्ज, मुंबई-पुण्याच्या सेंटरला बोटांचे ठसे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मोठ्या माणसाची फी ९० युरो, आणि इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. कोणा नातेवाईकाकडे उतरणार असाल तर त्या नातेवाईकाने आपल्या गावच्या मेरीतून, म्हणजे नगरपालिकेच्या ऑफिसातून, 'आतेस्तास्यों दाक्कई' नावाचा कागद काढून पाठवायचा असतो. त्याची ३० युरोची स्टॅम्प फी आहे आणि वेळ लागतो, कधी कधी महिनाभर. हा कागद लोक शेवटच्या आठवड्यात आठवतात आणि मग फोनवर रडारड.

काओरपर्यंत पोचणं

गावाला स्टेशन नाही. जवळचं मोठं स्टेशन काओर, तिथून गाव पंचवीस-तीस किलोमीटर. पॅरिसहून ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून लिमोज मार्गे जाणारी लांब पल्ल्याची गाडी काओरला थांबते, पाच तासांच्या वरच धरा. ही टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची अतिवेगवान गाडी नाही, जुन्या रुळांवरची गाडी आहे आणि या मार्गावर कामं चालू असतात, त्यामुळे तिकीट काढताना मध्येच बस तर लावलेली नाही ना ते बघून घ्या. तुलूझहून मात्र सोप्पं, लोकल रीजनल ट्रेन, सव्वा ते दीड तास. विमानाने येणार असाल तर तुलूझलाच उतरा, पॅरिसला उतरून खाली येण्यात अख्खा दिवस जातो.

काओरला तीन-चार तास हाताशी असले तर स्टेशनपासून दहा मिनिटांवर पाँ व्हालाँत्रे हा पूल बघाच. १३०८ साली बांधायला घेतला आणि पूर्ण व्हायला सत्तर वर्षं गेली, तीन बुरूज आहेत. गोष्ट अशी सांगतात की काम लवकर व्हावं म्हणून गवंड्याने सैतानाशी सौदा केला, आणि शेवटी आत्मा वाचवायला त्याला चाळणीतून पाणी आणायला सांगितलं. सैतान हरला, पण चिडून रोज रात्री मधल्या बुरुजाचा एक दगड काढून न्यायचा म्हणे. १८७९ च्या डागडुजीत आर्किटेक्ट पोल गूने त्याच कोपऱ्यात दगड उपसणारा छोटासा सैतान कोरून बसवून टाकला, मान वर करून शोधावा लागतो, पोरांना हा खेळ फार आवडतो.

काओर ते गाव: बस की गाडी

स्टेशनसमोरून फिजाककडे जाणारी रीजनल बस मिळते, नदीच्या कडेकडेने जाते. दिवसाला मोजक्याच फेऱ्या, रविवारी आणखी कमी, म्हणून टाईमटेबल आदल्या दिवशी बघून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. या रस्त्याला समांतर जुनी रेल्वे लाईन दिसत राहते, १८८६ साली सुरू झाली तेव्हा तिने नदीवरची सगळी बोटवाहतूक मारली, आणि पुढे तिलाच प्रवासी मिळेनात, आता रुळांवर झुडपं आलीत. बसने गावात उतरायचं असेल तर स्टॉप आहे तूर-द-फोर, नदीच्या पलीकडच्या काठावर. तिथून पूल ओलांडून चढ चढायचा, अर्धा तास, ट्रॉली बॅग असेल तर घामटा निघतो. मी म्हणतो त्या पद्धतीने यायचं असेल तर मात्र तूर-द-फोरच्या आधी, बूझिएसलाच उतरा. ते खाली सांगतो.

गाडी घेणार असाल तर चार गोष्टी. एक, आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट काढून आणा, गाडी भाड्याने देणारे मागतात. दोन, इथे स्वस्तातल्या गाड्या गिअरवाल्या, ऑटोमॅटिक हवी तर आधीच सांगा आणि जास्त पैसे मोजा, उजव्या हाताने गिअर टाकायची सवय व्हायला अर्धा दिवस जातो. तीन, पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो. चार, खेड्यात पेट्रोल पंपावर माणूस नसतो, सुपरमार्केटच्या मशीनला कार्ड घालायचं आणि आपली काही भारतीय कार्डं ते मशीन सरळ थुंकतं, म्हणून शहरातच टाकी भरून घ्या. आणि 'गाझोल' म्हणजे डिझेल! नाव ऐकून पेट्रोल समजू नका. माझ्या एका मित्राने समजलं होतं, टो करून न्यावी लागली गाडी.

गावातलं पार्किंग सगळं पैसे भरून आणि गावाबाहेर. आत गाड्या जात नाहीत, बरंच आहे.

आता खरी वाट: बूझिएसहून नदीकाठाने

ही माझी आवडती पायवाट आहे त्यामुळे जरा लांबण लावतो. बूझिएस हे खालच्या बाजूचं छोटं गाव, तिथून नदीच्या डाव्या काठाने, प्रवाहाच्या उलट दिशेने, सँ-सिरपर्यंत साधारण दीड तासाची वाट आहे, रमतगमत गेलात तर दोन. जीआर ३६ या लांब पल्ल्याच्या पायवाटेचाच हा तुकडा, पांढऱ्या-लाल पट्ट्या झाडांवर दिसत राहतात. सुरुवातीला सपाट, अक्रोडाची झाडं, आणि मग एकदम कडा येतो, सरळ पाण्यात उतरलेला, पुढे जायला जागाच नाही असा. तिथे १८४३ ते १८४७ या काळात माणसांनी कड्याच्या पोटात वाट कोरून काढली, याला शमँ द आलाज म्हणतात, म्हणजे बोट ओढायची वाट.

झालं काय की लॉत नदीवरून गाबार नावाच्या सपाट तळाच्या बोटी चालायच्या, खाली बोर्दो बंदराकडे वाईन, लाकूड, कोळसा जायचा आणि वर येताना मीठ आणि सुकवलेले मासे यायचे. खाली जाताना प्रवाह नेतो, पण वर येताना कोण आणणार, तर काठावरून दोर धरून ओढायचं. त्या ओढणाऱ्यांना पाय ठेवायला जागा हवी म्हणून हा कडा कोरला. आत शिरलात की डोक्यावर खडक पुढे आलेला, उंच माणसाला मान वाकवावी लागते, एका बाजूला ओली थंड भिंत, दुसऱ्या बाजूला हातभर खाली हिरवं पाणी, कठडा नाही. भिंतीवर हात फिरवा, छिन्नीच्या तिरप्या खुणा बोटांना लागतात, सगळ्या एकाच उतारात, म्हणजे एकाच बाजूने उभं राहून घाव घातलेत. थोडं पुढे गेल्यावर याच भिंतीवर अलीकडच्या काळात डॅनिएल मोनिए या शिल्पकाराने लांबच लांब उठावशिल्प कोरलंय, शिंपले, मासे, पाण्याच्या लाटा. लोक त्याला प्राचीन समजून फोटो काढतात, असू दे.

दगड कोसळण्याची भीती असली की ही वाट बंद ठेवतात, म्हणून निघायच्या आधी टुरिस्ट ऑफिसला विचारा किंवा सुरुवातीची पाटी वाचा, आणि बंद असेल तर आत घुसू नका. लहान मुलांचा हात सोडू नका. पावसानंतर निसरडं असतं, चपला नकोत.

दुसऱ्या खेपेला आत्याला याच वाटेने आणलं. मध्येच थांबून तिने विचारलं, "एवढी मोठी नदी, आणि घाट नाही होय रे हिला?" वाईच्या माणसाला कृष्णेचे घाट सोडून नदी कशी असते ते कळतच नाही. मग मी तिला सांगितलं की हाच त्यांचा घाट, फक्त आंघोळीचा नाही, ओझ्याचा. पुढे बांध आणि लॉक, म्हणजे बोटी वर-खाली करायचे दरवाजे लागतात. रेल्वेनंतर हे सगळं मोडून पडलं होतं, १९९० च्या सुमाराला दुरुस्त केलं आणि आता त्यातून सुट्टीवाल्यांच्या बोटी जातात. लायसन्स नसलं तरी चालणाऱ्या बोटी भाड्याने मिळतात, कयाकही मिळतात, पण ज्यांना पोहता येत नाही त्यांनी लाईफ जॅकेट घातल्याशिवाय शहाणपणा करू नये.

लॉक ओलांडलं की वाट वर चढायला लागते, वीस-पंचवीस मिनिटं चांगलाच चढ, आणि मग झाडीतून बाहेर पडता पडता पहिल्यांदा चर्च दिसतं, कड्याच्या टोकावर. गाडीने आलेल्यांना गाव वरून दिसतं, खालून आलेल्यांना ते लटकलेलं दिसतं, मला तरी दुसरं दृश्यच खरं वाटतं.

गावात काय बघायचं

यादी करून फिरायचं गाव नाही हे. तरी पहिल्यांदा आलात तर साधारण असं करा. पहिल्यांदा सोंब्राल चौकात या, टुरिस्ट ऑफिसमधून फुकटचा नकाशा घ्या. तिथून रू द्रुआत, नावाचा अर्थ 'सरळ गल्ली', प्रत्यक्षात ती सरळ खाली घसरते, तिच्या दोन्ही बाजूंना दुकानं. मग मुद्दाम तिला सोडून पेलिसारियाच्या गल्लीत शिरा, हे नाव चामड्याचं काम करणाऱ्यांवरून पडलंय. गल्ल्यांची नावं वाचत गेलात तर कुठल्या धंद्याचे लोक कुठे बसायचे ते आपोआप कळतं, आपल्याकडच्या बुरूड आळी, तांबट आळीसारखंच.

या गावाचा मुख्य धंदा लाकूड कातायचा. पठारावर बुई नावाचं झुडूप उगवतं, लाकूड पिवळसर, हाडासारखं कठीण, त्यापासून वाईनच्या पिंपांचे नळ बनायचे, लेथवर. खालच्या मजल्यावर रुंद कमानीची जी घरं दिसतात ती या कारागिरांची दुकानं, उजेड हवा म्हणून कमान मोठी. धातूचे स्वस्त नळ आले, द्राक्षांना कीड लागून मळे गेले, धंदा बसला आणि तरुण शहराकडे गेले. गाव जुनं राहिलं ते मुद्दाम कोणी जपलं म्हणून नव्हे, नवीन बांधायला पैसेच नव्हते म्हणून. लाकडाची एखादी वस्तू घ्यायचीच असेल तर आधी विचारा कुठे बनवली, इथेच बनवली असेल तर कारागीर लगेच हातातलं काम दाखवतो, नाहीतर मॅग्नेटच्या दुकानात जसं असतं तसं.

चर्च सोळाव्या शतकातलं, किल्ल्यासारखं जाड. आत थंडगार, पाच मिनिटं बसा. मग वर लापोपीच्या खडकावर चढा, पायऱ्या आहेत, खाली नदीचं अख्खं वळण आणि पलीकडची शेतं दिसतात, पट्ट्यापट्ट्यांची. आणि गावाचा तो प्रसिद्ध फोटो हवा असेल तर तो गावातून मिळत नाही, गावाबाहेर पश्चिमेला बांकुरेल नावाचा पॉईंट आहे तिथून, संध्याकाळी ऊन कौलांवर येतं तेव्हा.

कवी आँद्रे ब्रतों, सररिअलिस्ट म्हणजे अतिवास्तववादी चळवळीचा म्होरक्या, त्याने १९५१ मध्ये इथे घर घेतलं आणि १९६६ ला वारला तोवर दर उन्हाळ्यात येत राहिला. काओरने दुसऱ्या महायुद्धानंतर 'आम्ही जगाचे नागरिक' असं जाहीर केलं होतं, त्या चळवळीच्या 'जागतिक रस्ता क्रमांक १' च्या उद्घाटनाला तो १९५० च्या जूनमध्ये आला होता आणि तेव्हा त्याने हे गाव पहिल्यांदा बघितलं, रात्री, रंगीत मशालींच्या उजेडात, ज्यांना फ्रेंच लोक 'बंगालचा जाळ' म्हणतात. बघा म्हणजे, त्यानेही रात्रीच बघितलं! पुढे तो तासन् तास नदीच्या पात्रात गारगोट्या, अकीक शोधत बसायचा. त्याचं घर कारोल चौकात, पूर्वी ते नावाड्यांचं उतरायचं ठिकाण होतं.

रात्री राहाच

संध्याकाळी साडेसहानंतर बसेस निघून जातात, दुकानांचे शटर पडतात आणि गाव त्या दोनशे लोकांचं होतं. कुठल्यातरी खिडकीतून भांड्यांचा आवाज, मांजरं, पाकोळ्या, बस. राहायला गावात खोल्या कमी आणि महाग, त्यामुळे दोन-तीन महिने आधी बघा. नाही मिळालं तर खाली तूर-द-फोरला किंवा आजूबाजूच्या शेतघरांत 'शाँब्र दोत' मिळते, म्हणजे घरमालकाच्याच घरातली खोली, सकाळच्या नाश्त्यासकट. मला ती जास्त आवडते. मालकीणबाई स्वतः केलेला जॅम पुढे करते आणि तुम्ही कुठचे, तिकडे काय पिकतं, सगळं विचारते. नदीकाठी कॅम्पिंग पण आहे, तंबू असेल तर सगळ्यात स्वस्त. पोचायची वेळ आधी कळवा, इथे चोवीस तास रिसेप्शन वगैरे नसतं, रात्री नऊला पोचलात तर दार वाजवत बसाल.

दुसरा दिवस: पेश-मेर्लची गुहा

गावापासून सातेक किलोमीटरवर काब्रेरे, तिथे सेले नदी लॉतला मिळायच्या थोडं वर ही गुहा. आदिमानवाच्या चित्रांच्या गुहा म्हटलं की लास्कोचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण खरी लास्को १९६३ पासून बंद आहे, लोक बघतात ती नक्कल. पेश-मेर्लमध्ये अजून खरी चित्रं बघता येतात, म्हणूनच दिवसाला जास्तीत जास्त ७०० माणसं सोडतात आणि म्हणूनच आधी बुकिंग केल्याशिवाय जाऊ नका, उन्हाळ्यात दारातून परत पाठवतात. आत वर्षभर १२ डिग्री, बाहेर ३५ असलं तरी स्वेटर न्या. फोटो काढायचे नाहीत.

१९२२ मध्ये आँद्रे डाविद आणि आँरी द्युतेर्त्र या दोन शाळकरी पोरांनी ती शोधली, गावचे पाद्री लेमोझी यांना गुहांचं वेड होतं, त्यांनीच पोरांना नादी लावलेलं. आत ठिपक्यांचे दोन घोडे आहेत, सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचे. उजवीकडच्या घोड्याजवळ गाईड टॉर्च धरतो ना तेव्हा नीट बघा, खडकाची कडाच घोड्याच्या डोक्याच्या आकाराची आहे, म्हणजे चित्रकाराला आधी दगडात घोडा दिसला आणि मग त्याने रंगवला. आजूबाजूला हाताचे छाप, पंजा भिंतीवर ठेवून तोंडाने रंग फुंकलेला. आणि एका जागी चिखलात उमटून घट्ट झालेली पावलं, लहान मुलाची. आमच्या ग्रुपमधली एक चार वर्षांची पोरगी तिथे वाकून स्वतःचा पाय हवेतच धरून मापायला लागली, गाईडसुद्धा गप्प झाला.

हात लावायचा नाही हे वेगळं सांगायला नको, पण इथे ते ब्रतोंलाही सांगावं लागलं होतं. १९५२ मध्ये त्याला शंका आली की चित्रं नकली असतील, म्हणून त्याने अंगठ्याने रेघ पुसून बघितली, रंग अंगठ्याला लागला, गुहावाल्यांनी हातावर फटका दिला आणि प्रकरण कोर्टात जाऊन त्याला दंड झाला.

गाडी नसेल तर काब्रेरेला जायचं कसं हा प्रॉब्लेम आहे, नेहमीची बस तिथपर्यंत नाही. सायकल भाड्याने घ्या किंवा चाला, पण चालणार असाल तर गुहेच्या वेळेच्या अडीच तास आधी निघा.

खाण्याचं, विशेषतः शाकाहारींनी वाचा

जेवणाची वेळ बारा ते दोन आणि संध्याकाळी सात ते नऊ. या वेळा चुकल्या तर उपास. हा मुलुख बदकाचा आहे, बदकाची तंगडी, बदकाचं लिव्हर, आणि निरुपद्रवी दिसणारे बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परतलेले असतात! सॅलड मागवलंत तर त्यावर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे भुरभुरतात. म्हणून ऑर्डर देतानाच "सां व्हियाँद, सां जाँबों, सां लार्दों" (मांस नको, हॅम नको, ते डुकराचे तुकडे नकोत) असं तिन्ही म्हणा, नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर हॅम हे मांस नाही असं समजणारे लोक अजून आहेत.

तुमच्यासाठी इथे काय, तर गरम शेळीच्या चीजचं सॅलड, त्यावर अक्रोड. रोकामादूर नावाचं चीज, चकती जेमतेम ३५ ग्रॅमची, मऊ, थोडं आंबूस. कट्टर शाकाहारी आणि जैन मंडळींनी लक्षात घ्या, इथल्या बहुतेक पारंपरिक चीजमध्ये प्राण्यांपासून काढलेलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायचं विरजण असतं. उन्हाळ्यात केर्सीचा (या भागाचं जुनं नाव) खरबूज, गोड आणि वासाचा. अक्रोडाचा केक. आणि पास्तिस केर्सिनुआ, कागदासारख्या पातळ पोळीचे चुरगळलेले थर, आत सफरचंद. चिरोट्याचा चुलतभाऊ म्हणा. केशरही पिकतं इथे, थोडंसंच, डबीचा भाव बघून आपण काश्मिरीवरच बरे आहोत असं वाटतं. वाईन पिणाऱ्यांसाठी काओरची काळी वाईन, कमीत कमी ७० टक्के मालबेक द्राक्षाची, जिभेला चांगली पकडते.

पाणी विकत घेऊ नका, "युन कराफ दो" मागा, नळाचं पाणी जगमध्ये फुकट देतात, चांगलं असतं. दुपारच्या पिकनिकसाठी काओरच्या बाजारातून ब्रेड, चीज, टोमॅटो घेऊन या, गावात किराणा असा फारसा नाही. आणि आमच्यासारखा चिवड्याचा डबा.

वरचं पठार

वेळ असेल तर तिसरा दिवस पठारासाठी, त्याला कोस म्हणतात. नदीच्या खोऱ्यात हिरवं, आणि शंभर-दीडशे मीटर वर गेलात की खुरटे ओक, दगडी गडगे, मेंढ्या, एकदम वेगळा देश. शेतातले दगड वेचून रचलेल्या गोल झोपड्या दिसतात, चुना-माती काही न वापरता, मेंढपाळ पावसात आत बसायचे. आत शिरलात तर वर बघा, एकेक दगड थोडा आत सरकवत छत मिटवलंय. आमच्या कोकणातले गडगे घालणारे लोक हे बघून एका मिनिटात चूक-बरोबर सांगतील.

ओकच्या मुळाशी काळे ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी सापडतात, लाल्बँक गावात हिवाळ्यात दर मंगळवारी दुपारी त्यांचा बाजार भरतो, बाकांवर टोपल्या, समोर दोरी, आणि दोरी सोडेपर्यंत गिऱ्हाईकाने पुढे यायचं नाही. आपल्याला घ्यायचं काही नसतं, पण वास घ्यायला आणि भाव कुजबुजताना शेतकऱ्यांचे चेहरे बघायला मजा येते.

हा सगळा भाग कोस द्यु केर्सी नॅचरल पार्कमध्ये येतो, १९९९ पासून. रात्री इथे फ्रान्समधल्या सगळ्यात काळोख्या आकाशांपैकी एक असतं, अमावस्येच्या आसपास आलात तर गावाबाहेर पाच मिनिटं चालून टॉर्च बंद करा, आकाशगंगा अशी दिसते की पुण्यात वाढलेल्या पोरांना ती ढग वाटते. दिवसा फिरून आल्यावर पोटऱ्या, गुडघ्याच्या मागे गोचीड लागली नाही ना बघा, झाडीत असतात. प्रत्येकी दोन लिटर पाणी.

बारीकसारीक पण महत्त्वाचं

दुकानात, बसमध्ये, बेकरीत शिरताना आधी "बोंझूर". हे विसरलात आणि थेट "हाऊ मच" केलंत तर समोरचा माणूस गार पडतो, आणि मग लोक म्हणतात फ्रेंच उर्मट असतात. गल्लीतल्या उघड्या दारात डोकावून फोटो काढू नका, ते म्युझियम नाही, आत कोणीतरी भाजी चिरत असतं. गल्ल्या उताराच्या आणि दगडी, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी आणावी, व्हीलचेअर किंवा बाबागाडी मात्र फार कठीण, बाळाला पाठीवर घ्या. थोडी रोख ठेवा, छोट्या दुकानांत आणि बाजारात लागते.

परतीची बस तूर-द-फोरहून. दहा मिनिटं आधी जाऊन उभे राहा, काओरकडे जाणाऱ्या बाजूला, आणि बस दिसली की हात दाखवा, नाहीतर ड्रायव्हर समजतो की तुम्ही नदी बघत उभे आहात आणि निघून जातो. आमची एकदा अशीच गेली. पुढची अडीच तासांनी होती, तर आत्या म्हणाली चला मग, आणि पुन्हा पूल ओलांडून खाली पाण्यात पाय सोडून बसली.